मुलांच्या मानसिक उपचारांचा खर्च विमा देतो का? कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक उपचारांसाठी एकामागून एक कायदे केले. खर्च कोणी द्यायचा, थेरपिस्टची भेट किती दिवसांत मिळाली पाहिजे, शाळेतल्या समुपदेशनाचं बिल कोणाच्या नावावर जाईल, हे सगळं आता कायद्यात लिहिलेलं आहे. तरीही फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सॅन रमोन, अर्व्हाइन अशा ठिकाणी राहणारी कितीतरी मराठी घरं थेरपीचे पैसे आजही खिशातून भरतात. काही जण तेवढा खर्च झेपत नाही म्हणून मुलाचे उपचार ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ असं म्हणत पुढे ढकलतात. हक्क आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. हे पान त्यांच्यासाठी आहे.

मुलाच्या जिवाला आत्ता धोका वाटतोय. विम्याचं काय ते नंतर. आधी काय करू?

९८८ वर फोन करा किंवा मेसेज पाठवा. मानसिक संकटात आणि आत्महत्येचे विचार येत असताना मदत करणारी ही राष्ट्रीय सेवा जुलै २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि मोफत आहे. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर फोनवर दुभाषा मागता येतो. प्रत्यक्ष इजा झाली असेल किंवा क्षणही थांबण्यासारखं नसेल तर ९११ लावा, आणि हा मानसिक आरोग्याचा प्रसंग आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि इजा करता येईल अशा वस्तू त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा.

बिलाची काळजी करत बसू नका. २०२२ च्या एबी ९८८ (‘एबी’ म्हणजे राज्याच्या विधानसभेत आणि ‘एसबी’ म्हणजे सिनेटमध्ये मांडलेलं विधेयक) या कायद्याने ९८८ ची यंत्रणा राज्यात उभी करण्यासाठी फोनच्या बिलावर छोटासा अधिभार लावला. ९८८ केंद्राने किंवा घरी येणाऱ्या संकट-पथकाने दिलेल्या सेवेसाठी राज्याच्या नियमांखालच्या विमा कंपनीला पूर्वपरवानगीची अट घालता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. कायद्याला माइल्स हॉल या तरुणाचं नाव दिलेलं आहे. मानसिक आजाराच्या झटक्यात असताना २०१९ मध्ये वॉलनट क्रीक इथे पोलिसांच्या गोळीने त्याचा जीव गेला. मदतीसाठी बोलावलेली माणसं बंदूक घेऊन येऊ नयेत, या त्याच्या कुटुंबाच्या मागणीतून हा कायदा पुढे आला.

मुळात कोणते कायदे आहेत? इतकी वर्षं विमा नव्हता का?

होता, पण तोकडा. राज्याचा १९९९ चा जुना कायदा नऊ गंभीर मानसिक आजार आणि मुलांमधले गंभीर भावनिक विकार एवढ्यांपुरताच होता. २००८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने समानतेचा कायदा केला. विमा कंपनी मानसिक आजारांना संरक्षण देत असेल तर त्यावरच्या अटी शारीरिक आजारांपेक्षा कडक नसाव्यात, असं तो सांगतो. पण कोणता उपचार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ आहे हे ठरवण्याची मोजपट्टी विमा कंपनीच्याच हातात राहिली, आणि सगळी अडवणूक तिथेच व्हायची. मुलगी आठवडाभर बरी दिसली की पुढचे उपचार ‘आवश्यक नाहीत’ असं पत्र घरी येई.

सिनेटर स्कॉट वीनर यांनी मांडलेल्या एसबी ८५५ ने ही मोजपट्टी बदलली. गव्हर्नर न्यूसम यांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. मानसिक विकारांच्या प्रमाण वैद्यकीय सूचीत असलेला प्रत्येक विकार आणि प्रत्येक व्यसन आता संरक्षणात येतं. एखादा उपचार आवश्यक आहे की नाही हे विमा कंपनीने स्वतःच्या कच्च्या नियमांवरून ठरवायचं नाही. त्या त्या क्षेत्रातल्या ना-नफा व्यावसायिक संघटनांचे निकष वापरायचे, आणि मुलांसाठी ते वेगळे आहेत. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत राज्याने या विषयावर केलेला सगळ्यात कामाचा कायदा हाच आहे.

त्याच्यापाठोपाठ एसबी २२१ आला. त्याने भेटींमधलं अंतर ठरवून दिलं. २०२१ मध्येच राज्याने मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी चार अब्ज डॉलरहून मोठा कार्यक्रम हाती घेतला, आणि शाळेतली सेवा विम्यातून देण्याची सोय त्यातून झाली. यातल्या प्रत्येकाबद्दल पुढे येईलच.

हे कायदे माझ्या विम्याला लागू आहेत का?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. उत्तर चुकलं तर पुढची सगळी धडपड चुकीच्या दारावर होते.

नोकरीतून मिळणारा विमा दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात कंपनी विमा विकत घेते, आणि आजारपणाचा खर्च विमा कंपनी तिच्या तिजोरीतून देते. याला फुल्ली इन्शुअर्ड म्हणतात. एचएमओ प्रकारच्या, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांकडेच उपचार देणाऱ्या, योजना आणि राज्याच्या बाजारपेठेतून, म्हणजे कव्हर्ड कॅलिफोर्नियातून, घेतलेल्या योजना सहसा यात येतात. त्यांना राज्याचे कायदे लागू होतात.

दुसऱ्या प्रकारात तुमची नोकरीची कंपनीच खर्च देते. विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते, तिचं नाव आणि बोधचिन्ह मात्र कार्डावर ठळक असतं. याला सेल्फ-फंडेड म्हणतात. १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे अशा योजनांना राज्याचा विमा कायदा लागूच होत नाही. एसबी ८५५ नाही, एसबी २२१ नाही. मोठ्या टेक कंपन्यांच्या बहुतेक योजना याच प्रकारच्या आहेत, आणि आपली बरीच माणसं नेमकी तिथेच नोकरीला आहेत. शेजारच्या घरात एसबी ८५५ च्या जोरावर मंजूर झालेला उपचार आपल्याकडे का नाकारला गेला, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कार्ड बघून हे नेहमी कळत नाही. एचआरला ईमेल करा आणि एकच विचारा : आमची योजना फुल्ली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड? उत्तर लेखी घ्या. फुल्ली इन्शुअर्ड असेल तर दुसरा प्रश्न विचारा : नियंत्रण डीएमएचसीचं, म्हणजे राज्याच्या मॅनेज्ड हेल्थ केअर विभागाचं, की विमा विभागाचं? तक्रार कुठे करायची ते त्यावर ठरतं.

कोणकोणत्या त्रासांवरचे उपचार यात येतात?

नैराश्य, चिंताविकार, ओसीडी, एडीएचडी, ऑटिझम, खाण्याचे विकार, आघातानंतरचा ताण, दारू, गांजा किंवा व्हेपिंगचं व्यसन, सगळं. ऑटिझमच्या वर्तनोपचारांसाठी तर २०१२ पासूनच राज्याचा वेगळा कायदा आहे. आठवड्यातून एकदा होणाऱ्या थेरपीपुरतंच हे मर्यादित नाही. आठवड्यात अनेक तास चालणारे बाह्यरुग्ण कार्यक्रम, दिवसभराचे कार्यक्रम, गरज पडल्यास निवासी उपचार, हे टप्पेही आवश्यक असतील तर द्यावे लागतात. खाण्याच्या विकारांच्या बाबतीत याचं मोल फार आहे. ‘मुलगी नीट जेवत नाही’ एवढ्यावर आपण तो विषय सोडून देतो, आणि निदान होईपर्यंत तिला निवासी उपचारांची गरज पडलेली असते.

कोपे (दर भेटीला तुम्ही द्यायची ठरावीक रक्कम) आणि डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम) मात्र भरावे लागतात, ते माफ नाहीत. डिडक्टिबल मोठं असलेली योजना घेतली असेल तर वर्षाच्या सुरुवातीच्या काही भेटींचे पूर्ण पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. ओपन एन्रोलमेंटमध्ये, म्हणजे दरवर्षी योजना निवडण्याच्या ठरलेल्या काळात, हे लक्षात ठेवा.

यादीतल्या थेरपिस्टना फोन करून थकलो. कोणी नवीन पेशंट घेत नाही, कोणी फोनच उचलत नाही. आता?

बहुतेक पालक इथेच हरतात आणि मुकाट्याने बाहेरचा थेरपिस्ट गाठून पैसे भरायला लागतात. असं करू नका. निदान, विमा कंपनीकडे लेखी मागितल्याशिवाय करू नका.

कायदा सांगतो की थेरपिस्ट मिळवून देणं ही विमा कंपनीची जबाबदारी आहे. तातडी नसलेल्या पहिल्या भेटीसाठी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ कामाच्या १० दिवसांत मिळाला पाहिजे, आणि औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ कामाच्या १५ दिवसांत. तातडीची भेट, पूर्वपरवानगी लागत नसेल तर ४८ तासांत आणि लागत असेल तर ९६ तासांत. पूर्वी पहिली भेट वेळेत द्यायची आणि दुसरी दीड-दोन महिन्यांनी, अशी पळवाट होती. एसबी २२१ ने १ जुलै २०२२ पासून ती बंद केली. उपचार चालू असतील तर समुपदेशकाची पुढची भेटही आधीच्या भेटीपासून कामाच्या १० दिवसांत मिळायला हवी. थोडं थांबल्याने मुलाचं नुकसान होणार नाही अशी नोंद उपचार करणाऱ्याने स्वतः केली असेल, तरच जास्त थांबवता येतं. वेळापत्रक भरलंय ही सबब त्यात बसत नाही.

नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या थेरपिस्टांमध्ये, वेळेत आणि पोचण्याजोगं कोणी नसेल, तर एसबी ८५५ प्रमाणे विमा कंपनीने नेटवर्कबाहेरच्या थेरपिस्टची व्यवस्था करायची. तुम्हाला द्यावा लागेल तो नेटवर्कमधल्या भेटीचाच कोपे. फरकाचे पैसे कंपनीचे.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो. एक वही किंवा गूगल शीट उघडा. कोणाला, कधी फोन केला, काय उत्तर मिळालं, सगळं लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की विमा कंपनीच्या सदस्यसेवेला फोन लावा आणि सांगा की अमुक वयाच्या मुलासाठी, अमुक त्रासासाठी, कायद्याने ठरवलेल्या मुदतीत भेट मिळत नाही, व्यवस्था करून द्या. बोलणाऱ्याचं नाव आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक घ्या. पुन्हा एक लांबलचक यादी पाठवून तुमची बोळवण करायला लागले तर ‘मला यादी नको, ठरवलेली भेट हवी’ असं स्पष्ट सांगा. मग तेच सगळं त्यांच्या पोर्टलवरून लेखी पाठवा, आणि पत्राला ‘ग्रीव्हन्स’, म्हणजे अधिकृत तक्रार, म्हणा. तो शब्द लिहिला की मुदतीचं घड्याळ सुरू होतं.

आपल्याकडे मोठ्या आवाजात हक्क मागणं उद्धटपणाचं वाटतं, हे मला माहीत आहे. आवाज चढवायची गरज नाही. तारीख, वेळ, नाव एवढं पुरेसं असतं.

क्लेम किंवा उपचार नाकारला तर कुठे दाद मागायची?

आधी विमा कंपनीकडेच तक्रार करायची. तिने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल तर तीन दिवसांत. उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवस उलटले, तर डीएमएचसीच्या मदत केंद्राकडे जा : १-८८८-४६६-२२१९. विमा विभागाखालच्या योजनांसाठी क्रमांक १-८००-९२७-४३५७ आहे. धोका मोठा असेल तर ३० दिवस थांबण्याची अट नाही.

‘आवश्यक नाही’ म्हणून नाकारलं असेल तर स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकन मागा. विमा कंपनीशी संबंध नसलेले डॉक्टर कागद तपासतात. तुम्हाला एक पैसाही लागत नाही, आणि त्यांचा निकाल विमा कंपनीला पाळावाच लागतो. डीएमएचसीकडे अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा. या मार्गाने गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना शेवटी उपचार मिळतात, असं विभागाचे वार्षिक अहवाल सांगतात. काही वेळा तर अर्ज गेल्याचं कळताच कंपनी स्वतःचा नकार मागे घेते. इतकी चांगली शक्यता असताना पहिल्या नकारानंतर गप्प बसणाऱ्यांची संख्या बघितली की वाईट वाटतं.

थेरपिस्टकडून किंवा बालरोगतज्ज्ञाकडून पत्र जोडा. मुलाचं शाळेत, झोपेत, खाण्यापिण्यात नेमकं काय बिघडलंय, उपचार थांबले तर काय होईल, हे त्यात असू द्या. ‘खूप गरज आहे’ अशा मोघम पत्राचा उपयोग होत नाही.

तक्रारींनी काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. मानसिक उपचारांच्या भेटी वेळेत न देणं आणि त्यावर नीट देखरेख न ठेवणं, यांसह बऱ्याच त्रुटींबद्दल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कैसर परमनेंटे या मोठ्या आरोग्य विमा कंपनीने राज्याशी २० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले ५ कोटी दंड, उरलेले १५ कोटी सेवा सुधारण्यासाठी. विभागाने तपासाला घेतलेल्या गोष्टींत सदस्यांच्या तक्रारीही होत्या.

आमची योजना सेल्फ-फंडेड निघाली. म्हणजे दारं बंद?

नाही. २००८ चा समानतेचा केंद्रीय कायदा मोठ्या कंपन्यांच्या योजनांना लागू आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीला जी अट नाही ती थेरपीला का लावली, हे लेखी विचारा. २०२१ पासून योजनांना अशा अटींचं तुलनात्मक विश्लेषण तयार ठेवावं लागतं, आणि सदस्याला ते मागता येतं. नकार आला तर १८० दिवसांत अपील करा. तेही फेटाळलं आणि मुद्दा वैद्यकीय निर्णयाचा असेल, तर चार महिन्यांत बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. मदतीसाठी केंद्रीय श्रम खात्याचा क्रमांक १-८६६-४४४-३२७२.

आणि एचआरशी बोला. या योजनेत पैसा तुमच्या कंपनीचा असतो, त्यामुळे काय द्यायचं हे ठरवण्याची मोकळीकही तिलाच असते. चार-पाच कर्मचाऱ्यांनी मिळून, कोणाच्याही मुलाचं नाव न घेता, ‘मुलांसाठी थेरपिस्टचं नेटवर्क अपुरं आहे’ असं कळवलं तर पुढच्या वर्षीच्या करारात फरक पडू शकतो.

शाळेतल्या समुपदेशनाचं बिल विम्याला कसं काय जातं?

राज्याने शाळेशी जोडलेल्या मानसिक आरोग्य सेवांसाठी एक दरपत्रक तयार केलं. पहिल्या टप्प्यातल्या शाळा-जिल्ह्यांत २०२४ मध्ये त्याची सुरुवात झाली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने बाकीचे जिल्हे आणि सार्वजनिक महाविद्यालयं त्यात येऊ लागली. २६ वर्षांखालच्या विद्यार्थ्याला शाळेमार्फत सेवा मिळाली की त्याच्या विमा कंपनीने, शाळेचा समुपदेशक तिच्या नेटवर्कमध्ये असो वा नसो, ठरलेल्या दराने शाळेला पैसे द्यायचे. कुटुंबाकडून कोपे नाही, डिडक्टिबल नाही. मेडी-कॅललाही, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या राज्याच्या सरकारी विम्यालाही, हे लागू आहे. सेल्फ-फंडेड योजनांवर मात्र राज्याला ही सक्ती करता येत नाही.

तुमचा जिल्हा यात आला आहे का, ते शाळेच्या ऑफिसला विचारा. शाळेने विम्याची माहिती मागितली तर घाबरून जाऊ नका, ती बहुधा याचसाठी असते.

दुसरा रस्ता विम्यावर अवलंबूनच नाही. मानसिक त्रासामुळे मुलाच्या शिक्षणावर परिणाम होत असेल, तर विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली सार्वजनिक शाळेला मूल्यमापन करावं लागतं. विनंती लेखी द्या. त्यानंतर १५ दिवसांत शाळेने मूल्यमापनाचा आराखडा पाठवायचा, आणि तुमची संमती मिळाल्यापासून ६० दिवसांत मूल्यमापन आणि बैठक पूर्ण करायची. मूल पात्र ठरलं तर आयईपीमध्ये, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्यात, समुपदेशन मोफत मिळू शकतं. मार्क चांगले आहेत म्हणून पात्र नाही, हे उत्तर निमूटपणे मान्य करू नका. शाळेत जायलाच घाबरणारं, बाथरूममध्ये जाऊन रडणारं मूलही ‘ए’ आणू शकतं.

याखेरीज मानसिक आरोग्याच्या कारणासाठी घेतलेली सुट्टी २०२२ पासून अधिकृत रजा धरली जाते. पोट दुखतंय असं खोटं कारण लिहायची गरज नाही.

माझ्या परवानगीशिवाय माझी मुलगी थेरपिस्टकडे जाऊ शकते?

हो, १२ वर्षांपासून पुढे, थेरपीसाठी. ती समजून-उमजून सहभागी होण्याइतकी परिपक्व आहे असं उपचार करणाऱ्याचं मत असेल तर. हा नियम नवा नाही. खासगी विमा असलेल्या किंवा स्वतः पैसे देणाऱ्या मुलांसाठी २०११ पासून हेच चालत आलं आहे. मेडी-कॅलच्या मुलांना मात्र जिवाला धोका किंवा अत्याचार झाल्याचं दाखवावं लागत असे. एबी ६६५ ने ही जादा अट १ जुलै २०२४ पासून काढली, म्हणजे गरीब घरातल्या मुलीला इतर मुलींइतकाच हक्क दिला. त्यावेळी ‘सरकार मुलं काढून नेणार’ अशी आवई उठली होती. संमतीच्या या नियमाने पालकांचा ताबा जात नाही.

पालकांना वगळणं हा कायद्याचा हेतूही नाही. थेरपिस्टने पालकांना सामील करून घ्यायचं असतं. मुलीशी बोलून ते योग्य ठरणार नाही असं वाटलं तरच टाळायचं, आणि टाळल्याचं कारण नोंदवून ठेवायचं. मनावर काम करणारी औषधं पालकांच्या संमतीशिवाय या नियमाखाली देता येत नाहीत. तिने एकटीच्या संमतीने घेतलेल्या आणि तुमचा सहभाग नसलेल्या भेटींचे पैसे भरण्याची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही.

मला कळतं, हे वाचून छातीत धस्स होतं. आपल्या घरांत मुलांचं सगळं आपल्याला माहीत असावं असं आपण धरून चालतो. पण कोणती मुलगी एकटीने थेरपिस्टचं दार ठोठावते, याचा शांतपणे विचार करा. घरी सांगायची भीती वाटते तीच. त्या भीतीपायी ती कोणाकडेच गेली नाही, तर त्यापेक्षा ती तिथे पोचली हे शतपट बरं. तुम्हाला कळलं तर ‘आम्हाला का नाही सांगितलंस’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. ‘गेलीस ते बरं केलंस’ असं म्हणा.

थेरपिस्ट गोपनीयता पाळतो, पण जिवाला धोका असेल तर गप्प बसत नाही. मुलावर अत्याचार होत असल्याचा वाजवी संशय आला तर कळवणं त्याला, शिक्षकांना आणि डॉक्टरांना कायद्याने बंधनकारक आहे.

विम्याचं विवरण घरी येतं. त्यात मुलाच्या थेरपीचं सगळं दिसतं का?

मुलगा १८ च्या पुढचा असेल, किंवा कायद्याने स्वतः संमती देऊ शकणारा असेल आणि त्याने तशी घेतली असेल, तर विमा कंपनीने ती माहिती पॉलिसीधारकाला पाठवायची नसते. २०२२ च्या जुलैपासून एबी ११८४ प्रमाणे अशा संवेदनशील सेवांची पत्रं थेट उपचार घेणाऱ्याला जातात. कॉलेजात गेलेल्या मुलांना हे जरूर सांगा. केंद्रीय कायद्याप्रमाणे २६ वर्षांपर्यंत ती आपल्या विम्यावर राहू शकतात, आणि बाबांना बिल दिसेल या धास्तीने बरीच मुलं जात नाहीत.

एच-१बी, एच-४, ग्रीन कार्ड, कॉलेज प्रवेश : कुठे अडचण येईल का?

स्वतःच्या नोकरीचा किंवा विकत घेतलेला विमा वापरणं म्हणजे सरकारी मदत घेणं नव्हे. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आरोग्याबद्दल विचारतात, पण नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरून सहसा कोणी अपात्र ठरत नाही. विकाराबरोबर स्वतःला किंवा इतरांना इजा करणारं वर्तन असेल तर तो मुद्दा होतो. पूर्वी असं काही घडलं असेल तर तपासणीआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, पण त्यासाठी उपचार थांबवू नका. कॉलेजांना मुलाच्या वैद्यकीय नोंदी जात नाहीत.

पुण्यातल्या ओळखीच्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोललो तर विमा पैसे देईल?

नाही. कॅलिफोर्नियात असलेल्या रुग्णावर उपचार करायला कॅलिफोर्नियाचा परवाना लागतो, समुपदेशक कुठेही बसलेला असो. इथला परवाना असलेल्या थेरपिस्टकडून व्हिडिओवर थेरपी घेतली तर विमा ती प्रत्यक्ष भेटीसारखीच धरतो. राज्यात मराठी बोलणारे परवानाधारक थेरपिस्ट थोडेच आहेत. व्हिडिओमुळे लॉस एंजेलिसमधल्या थेरपिस्टची भेट सॅक्रामेंटोतल्या घरातूनही घेता येते.

आजी-आजोबा सहा महिने इथे असतात. कुटुंबाच्या बैठकीत त्यांना इंग्रजी समजत नाही.

दुभाषा मागा. राज्याच्या नियमांखालच्या विमा योजनांनी सदस्यांना मोफत दुभाषा द्यायचा असतो, आणि भाषा मराठीही असू शकते. आजी-आजोबा सदस्य नसले तरी उपचार तुमच्या मुलाचे चालू आहेत, तेव्हा विचारायला हरकत नाही. आईवडिलांपैकी कोणाला इंग्रजीत मनातलं सांगता येत नसेल तर भेट ठरवतानाच कळवा. मुलाला दुभाषा बनवू नका. स्वतःच्या दुःखाचं भाषांतर करायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

विमाच नाही, किंवा मेडी-कॅल आहे. मग?

मेडी-कॅलमध्ये २१ वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्रीय नियमांनुसार संरक्षण बरंच व्यापक आहे. सौम्य त्रासासाठी योजनेकडे आणि गंभीर त्रासासाठी काउंटीकडे जायचं असतं, पण तुम्ही कुठल्याही दाराशी गेलात तरी परत पाठवायचं नाही आणि निदानाआधीच सेवा सुरू करता येते, असं राज्याचं धोरण २०२२ पासून आहे. १३ ते २५ वयाच्या तरुणांसाठी राज्याने २०२४ मध्ये सोलुना हे ॲप आणलं. ते मोफत आहे आणि त्याला विमा लागत नाही. पालो आल्टोत २०२१ पासून ऑलकोव्ह नावाचं केंद्र आहे, तिथे १२ ते २५ वर्षांचं कोणीही, पैसे असोत वा नसोत, सरळ आत जाऊ शकतं. त्या गावाने २००९-१० आणि २०१४-१५ मध्ये शाळकरी मुलांचे मृत्यू पाहिले, त्यामुळे असं केंद्र तिथे सुरू होणं फार महत्त्वाचं होतं.

भारतात भावाच्या मुलीसाठी असं काही आहे का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे भारतातही विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. २०२२ मध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत याचं पालन करायला सांगितलं. अडचण अशी की भारतातल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देतात, आणि मुलांना लागते ती दर आठवड्याची थेरपी. म्हणून पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची सोय आहे का, ते भावाला वाचायला सांगा. त्याच्या मुलीला बोलायला कोणी हवं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.